माळ्यावरचं खत आणि कमरेची पुडी

"आई, खाली या आधी! नाहीतर मी शिडी काढून घेईन हां!"

"काढ. मंग मी वरच रावते. भाकर तेवढी वर फेक."

गोठ्याच्या माळ्यावर जमना खराट्यानं पारव्यांची शीट ओढत होती आणि खाली अंगणात तिची सून तेजल पोराचं तोंड ओढणीत दडवून उभी होती. भाताची झोडणी नुकतीच उरकलेली. खळ्यातली धूळ अजून बसली नव्हती, त्यात माळ्याच्या फटींतून पांढरट भुगा उन्हाच्या तिरिपेत नाचत खाली येत होता. गोठ्यात गुरं राहिली नव्हती. पारव्यांनीच तिथं संसार मांडला होता. जमनाला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. मिरचीच्या वाफ्याला हे खत पडलं की झाडं मिरच्यांनी वाकतात, असं ती गावभर सांगायची.

तेजल बी.एस्सी. झालेली. स्वराज जन्मल्यापासून तिचा जीव टांगणीला. पोर शिंकलं की तिचा हात मोबाइलवर. कालच तिनं वाचलं होतं की, पारव्यांच्या विष्ठेत बुरशी असते, श्वासातून आत जाते आणि कुणाकुणाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणते.

कुडापलीकडून शेजारीण ठमी ओरडली, "काय गो जमने, सून कशाला वराडते?"

"बोलते पारव्यांनी मेंदूला बुरशी येते!"

"मंग तू कशाला भितेस? मेंदू असंल त्याला येल!"

दोघी खदखदून हसल्या. तेजलला मात्र हसू येईना. दुसऱ्या दिवशी ती पोराला घेऊन सफाळ्याच्या दवाखान्यात निघाली, तर जमना आधीच लुगडं बदलून टमटममध्ये बसलेली.

"तुम्ही कशाला, आई?"

"माज्या नातवाला फुकट सुई मारतील ते बघायला."

डॉक्टरीणबाईंनी स्वराजला उघडंनागडं करून तपासलं. पोरानं त्यांचा चष्मा ओढला.

"ठणठणीत आहे. अगं, मातीत, पक्ष्यांच्या विष्ठेत असली बुरशी असतेच. आपण सगळेच थोडीफार श्वासात घेतो आणि अंग तिला परतवून लावतं."

जमनानं सुनेकडे बघून मान उडवली. "आयकलंस?"

"पण धूळ उडवू नकाच," बाई पुढे म्हणाल्या. "भीती कुणाला? ज्याच्या अंगातली राखणच ढिली पडलीय त्याला. एचआयव्ही असलेला, मूत्रपिंड बदललेला, कॅन्सरची औषधं घेणारा, नाहीतर स्टेरॉइडच्या गोळ्या खूप दिवस खाणारा..." बोलता बोलता त्या थांबल्या. जमनाकडे टक लावून बघत राहिल्या. "मावशी, तुमचा चेहरा असा गोल कधीपासून?"

जमना खुलली. "गणपतीपासून! सगली बोलतात, जमना भरली. आन् गुडघं तर असं पळतात..."

"काय घेता गुडघ्यांना?"

"झाडपाल्याची पुडी. सायकलवाला देतो. रोज एक." तिनं कमरेच्या पिशवीतून पुडी काढली आणि दागिना दाखवावा तशी टेबलावर ठेवली.

तेजलनं पुडी उचलून उलटसुलट करून बघितली. इतके दिवस ती पोराची शिंक न् शिंक मोजत होती, आणि घरात सासूचा चेहरा फुगत गेला तेव्हा तिनंही म्हटलं होतं, आई, छान दिसता हां.

"असल्या पुड्यांत बरेचदा गुपचूप स्टेरॉइड असतं," बाई म्हणाल्या. "दुखणं पळतं, पण अंगातला राखणदार झोपतो. डोकं दुखतं का सारखं? ताप? मान आखडते? उजेड खुपतो?"

"माजं डोकं हीच दुखवते," जमना सुनेकडे बोट करून म्हणाली. पण आवाज बारीक झाला होता.

सुदैवानं तसलं काही नव्हतं. रक्त घेतलं, सुई जमनालाच बसली. साखर वाढलेली निघाली. बाईंनी बजावलं, पुडी बंद, पण अंगाला सवय लागलीय, एकदम तोडायचं नाही. मी देते त्या गोळ्या घ्यायच्या आणि मी सांगेन तशा कमी करायच्या. आणि माळ्यावर पाऊल टाकायचं नाही.

रविवारी कंपनीला सुटी होती. जमनाचा मुलगा धीरज तोंडाला मास्क लावून माळ्यावर चढला, खत पाण्यानं भिजवून हळूच गोणीत भरू लागला. जमना ठमीच्या पडवीतून ओरडत होती, "मेल्या, कोपऱ्यातलं ठेवू नको! मिरची काय तुजा बाप पिकवनार?"

गोळ्या कमी होत गेल्या तशी गुडघ्यांनी पुन्हा तोंड वर काढलं. उठताना जमना "आयो गं" करायची आणि सुनेच्या नावानं खडे फोडायची. "शिकलेली सून केली आन् लंगडी झाले." तेजल ऐकून घ्यायची, कपाळाला हात लावून ताप बघायची.

"पोराला बघ गो, मला कशाला चाचपतेस?"

एका सकाळी गल्लीत सायकलची घंटी वाजली. पुडीवाला जमनाच्याच दारात उतरला. तेजल खिडकीआड उभी राहिली. रात्रभर ठणकलेले गुडघे, समोर हसरा माणूस आणि एका पुडीत आराम. आई नाही म्हणतील?

"काय मावशी, दिसला नाय लई दिवस? गुडघं काय बोलतात?"

"शिव्या देतात," जमना म्हणाली. "बस. पुडी काड."

तेजलचा हात दाराच्या कडीवर गेला.

"आता पानी देते, ती पुडी तूच खा. आन् रोज सकाळी हितं येऊन माज्या म्होरं खायाची, शिमगा येवंस्तोवर. मंग बघू तुजं थोबाड कसं व्हतं ते!"

पुडीवाला हसला, मग हसायचं थांबला. सायकल वळली ती कोपऱ्यापर्यंत थांबली नाही. पलीकडे ठमी पुडीसाठी काढलेली चुरगळलेली नोट पुन्हा पदरात बांधत होती.

जमनानं भिंतीला धरून पाय लांब केले आणि मागं न बघताच हाक मारली, "चोरून काय बघतेस गो? तेल ऊन करून आन. आन् लगोलग चोळ, लई ठणकतंय."