दोन मुठी जास्तीच्या

भात कमी करा म्हनलं की आमचा मानूस असं तोंड करते, जसं काई मी त्याले घरातूनच हाकलून राह्यली. आदेश त्याचं नाव. नागभीड-ब्रह्मपुरी रस्त्यावर काळीपिवळी चालवते. दिवसभर बूड सीटवरून हालत नाई, अन् घरी आला की ताटात भाताचा ढीग. पोट इतकं वाढलं की स्टेअरिंगले घासे.

उन्हाळ्यात त्याची तपासनी झाली. उपाशीपोटी रक्त घेतलं, गोड पानी पाजलं, दोन तासांनी पुन्हा घेतलं. डॉक्टरीनबाई म्हनल्या, "साखर अजून घरात आली नाई, पन दारात उभी हाय. पोटाचा घेर कमी करा, चाला, भात मुठीएवढा खा, तं परत जाईन. नाई तं डोळे, हृदय, पाय, सारंच धरते ते."

माह्या सासऱ्याचा, सोमाजीचा, पाय याच साखरेनं गुडघ्यापासून कापला होता. ते जखम मीच पुसत होती. खाटेवर पडून पडूनच गेले ते. म्हनलं, ते खाट या घरात पुन्हा टाकू देनार नाई.

मंग मी हात धुऊन मागं लागली. पाहाटे उठवून त्याले कालव्यापर्यंत चालवलं. नास्त्याले चने, जेवनाले जवारीची भाकर. आमच्या धानाच्या मुलुखात भाकर म्हनजे सजाच!

"मी का घोडा हाव, चने खायले?" म्हने. ताट सरकवे, फुरंगटून बसे.

"बोंबला किती बोंबलाचं ते," मी म्हनलं. "भात भेटनार नाई."

माही सासू रुखमाबाई मात्र रोज तितकाच भात रांधे. मुठीनं तांदूळ घेते ते, मानसामागं दोन मुठी, अन् नाव घेत घेत भाताच्या गंजात टाकते. "ह्या आदेशच्या, ह्या तुह्या, ह्या माह्या, अन् ह्या तुह्या मामाच्या." मामा म्हनजे माहा सासरा. मरून वर्सं झाले, तरी त्याच्या मुठी तिनं काढल्या नाई. घरच्या मानसाचं माप कमी करू नाई, म्हने. मी म्हनलं, निदान आदेशच्या तं काढा. तिनं असे डोळे वटारले!

"जित्या पोराच्या मुठी काढू? काई लाज हाय का तुले?"

आता उरलेल्या भाताचं करावं काय? गाईले टाकाले गेली तं सासू ओरडली, "अवो, पोट फुगन ना तिचं!" फेकावं तं तांदूळ आपल्याच बांधीतला, चिखलात वाकून मीच रोवलेला. मंग रातचा भात सकाळी फोडनी देऊन मी खात होती, सकाळचा रातच्याले. आदेश बाजूले चने चावत पाहे, त्याचा जीव जळे. "इकडं पाहू नका," मी दटावत होती. माहे ब्लाऊज उसवले, कालव्याच्या चढावर दम लागे. म्हनलं, इतकं ओरडल्यावर कोनाले दम नाई लागनार!

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेआधी पुन्हा तपासनी होती. त्या दिवशी माहा उपास. पुनम सिस्टर म्हनली, "वैनी, उपाशीच हाव तं तुमीबी देऊन टाका रक्त." दिलं.

डॉक्टरीनबाईनं कागद पाह्यला अन् हासल्या. "शाब्बास आदेशभाऊ! परत गेली तुमची साखर."

माह्या डोळ्यात पानीच आलं. वाटलं, जिंकली बाई मी! मंग त्याइनं दुसरा कागद उचलला.

"ज्योत्स्नाताई, तुमच्या मात्र दारात उभी हाय. पोटाचा घेर कमी करा, चाला, भात मुठीएवढा..."

"मले काऊन सांगता मॅडम? हे मले तोंडपाठ हाय!" इतक्या जोरानं ओरडली मी, की बाहेरची मानसं डोकावून पाहाले लागली.

वाटलं, आदेश हासन. नाई हासला. "मी चने खाल्ले, अन् माहा भात तू खाल्ला," इतकंच म्हनला. मले त्याचाही राग आला, अन् रडूही आलं.

घरी आलो तं सासू चुलीजवळ तांदूळच घेऊन राह्यली होती. "ह्या आदेशच्या, ह्या तुह्या, ह्या माह्या, अन् ह्या तुह्या मामाच्या."

मी गंजच ओढला तिच्या पुढून. "आत्याबाई, मामाच्या मुठी कोन खाते, ठाऊक हाय? मी! तुमच्या पोराच्याही मीच! गाय फुगन म्हनून जीव जाते तुमचा. मी फुगली ते कोनाले दिसलं नाई!"

रुखमाबाई आदेशकडं पाहाले लागली. "काय म्हनली डॉक्टरीन?"

"इच्याबी दारात आली," आदेश म्हनला. "बाबाची साखर."

म्हातारीनं गंज परत घेतला. आदेशच्या दोन मुठी काढून डब्यात टाकल्या. मंग मामाची एक मूठ भरली, अन् हात डब्यावरच थांबला. मूठ काई उघडेना. मी रागातच होती, तरी मले तिच्याकडं पाहावलं नाई.

"जाऊ दे त्याइले आता," ती म्हनली अन् तांदूळ सोडले. "तुहे पाय राह्यले पायजे."