लाल बाम

मोहाचा त्याग हाच माणसाच्या मनःशांतीचा एकमेव मार्ग आहे, हे कालिंदीला मनापासून पटलेलं होतं. या घडीला मात्र ती स्वयंपाकघरात उभी राहून, केसांच्या आकड्यानं लिपस्टिकच्या नळीचा तळ खरवडत होती.

तळाशी बरंच होतं. एक नळी विटकरी रंगाची, तिची स्वतःची, कपाटात पार मागे ढकललेली. दुसरी लेकीची, गुंजनची, पुण्याला कॉलेजला जाताना टाकून दिलेली. तिसरी कशावर तरी फुकट आलेली. तो रंग घरात कोणालाच शोभत नसल्यामुळे ती जवळजवळ अख्खी होती. तिन्हींतला ऐवज तिनं स्टीलच्या वाटीत काढला, त्यात व्हॅसलीन आणि थिजलेलं खोबरेल घातलं, आणि वाटी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून काडीनं ढवळायला लागली. गुंजननं पाठवलेला व्हिडिओ ओट्यावर आवाज बंद करून चालू होता. त्यातली पोरगी हसत होती. कालिंदी दर थोड्या वेळानं गॅस बारीक करत होती, मोठा करत होती, आणि दाराकडे बघत होती.

नवरा, मुकुल, गेला त्याला तीन वर्षं झाली. टिकली चालते, पण बारीक आणि मरून रंगाची, असं पहिल्याच वर्षी ठरलं. पावडर चालते. कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क असल्यामुळे कडक इस्त्रीची साडी चालते. लिपस्टिक चालत नाही. हे कोणी ठरवलं असं विचारलं असतं, तर वसमतमध्ये एकही माणूस पुढे आला नसता. मोडलं असतं तर सगळे आले असते.

ओठ उलणं मात्र सगळ्यांना चालतं. थंडी पडली की ओठ उलतात, आणि उललेल्या ओठांना जे लावतात ते औषध. औषधाला थोडा रंग असला, तर तो औषधाचा गुण. त्यात बाईचा दोष नाही. या तर्कात तिला कुठेही भोक सापडत नव्हतं, आणि म्हणूनच जिवाला चैन नव्हतं.

आज शेजारच्या रीताच्या भाचीचा, जाईचा साखरपुडा होता. आरशातल्या त्या फिकट बाईला एक दुपार घरी ठेवून जायचं आणि कोणी बोट दाखवायचं नाही, एवढंच तिला हवं होतं.

वाटीतलं एकजीव झालं. ओतायला तिनं मुद्दाम डोकेदुखीच्या बामची रिकामी डबी निवडली. पर्समध्ये बामची डबी दिसली तर बायका हळहळतात. उघडून बघत नाहीत. घट्ट व्हायला म्हणून डबी खिडकीत ठेवली, वाटी, पातेलं, आकडा सगळं घासून टाकलं, आणि ती अंघोळीला गेली.

परत आली तेव्हा डबी खिडकीतच होती. झाकण शेजारी होतं. आणि आतल्या गुळगुळीत लाल थरात एका बोटाची सरी पडलेली होती.

तिनं साडीच्या निऱ्या तशाच हातात धरून पुढची खोली गाठली. सासूबाई दारासमोरच्या पलंगावर डोळे मिटून पडल्या होत्या. कपाळ या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत लालभडक. मुकुल शाळेत असताना त्यांचं कुंकू गेलं; तेव्हापासून त्या कपाळाला बामाशिवाय काही लागलेलं नव्हतं. दार सताड उघडं होतं आणि गल्लीतून माणसं जात होती.

“आत्याबाई, हे काय लावलं?”

“बाम. सकाळधरनं डोकं ठणकून राहिलं. तुला आवाज दिला, तू मोरीत. खिडकीत डबी दिसली.”

“तो जुना झालाय. थांबा, पुसते.”

“काहून? आत्ता तर लावला.” त्यांनी डोळे उघडले नाहीत. “झोंबंना पण. आजकाल बामात बी दम न्हाई राहिला.”

कालिंदीनं टॉवेलचं टोक भिजवून आणलं. पिळलं. परत जाऊन भिजवलं. सांगावं, तर तीन वर्षं सोवळी असलेली सून स्वयंपाकघरात ओठांचा रंग शिजवते, हे तिनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. न सांगावं, तर म्हातारी हे असलं कपाळ घेऊन साखरपुड्याला निघणार. टॉवेलमधून पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं.

तेवढ्यात रीता दारात आली. चपला काढायच्या आधीच तिनं कपाळ पाहिलं.

“अगं बाई! काकू, कपाळाला काय हे?”

“बाम हाय.”

“लाल?”

“हिरवा चालतो तुला, पिवळा चालतो. लालानं काय घोडं मारलं तुझं?”

रीतानं कालिंदीकडे पाहिलं. “कुठून आणलास गं?”

“घरी केलाय,” कालिंदी म्हणाली. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण खरं बोललो.

“घरी? आयुर्वेदिक हाय का?”

“व्हय,” पलंगावरून उत्तर आलं.

रीताचा चेहरा एकदम अदबशीर झाला. “मग बराबर. आयुर्वेदाला रंग आसतोच बाई. पण काकू, निघताना पुसून घ्या. माणसाला काय माहीत, औषध हाय का काय हाय. मी रिक्षा बघते, आवरा तुमी.”

ती गेली. आत्याबाई उठून बसल्या, गुडघ्यावर हात दाबत उभ्या राहिल्या, आणि दाराशेजारच्या लहान आरशासमोर गेल्या. भांग पाडण्यापलीकडे या घरात त्या आरशापुढे फार वेळ कोणी उभं राहत नसे. त्या राहिल्या. एक बोट कपाळाला लावून त्यांनी नाकाशी नेलं, आणि मग आरशातूनच कालिंदीच्या ओठांकडे पाहिलं. कालिंदी उंबऱ्यातल्या चपला सरळ करायला वाकली. त्या आधीच सरळ होत्या.

“दे तो टॉवेल.”

त्यांनी डावं कानशील पुसलं. उजवं पुसलं. वरचं पुसलं, भुवयांवरचं पुसलं. मधोमध चिंचोक्याएवढं उरलं, तिथे टॉवेल थांबला. त्यांनी त्याची घडी घातली आणि कालिंदीच्या हातात दिला.

“मधलं राहिलं, आत्याबाई.”

“तिथंच ठणकून राहिलं.”

कालिंदीनं टॉवेल दांडीवर टाकला.

“तुझे बी ओठ उललेत,” आरशाकडेच बघत त्या म्हणाल्या. “औषध घरात ठिवून काहून तकलीफ काढतीस?”

तिनं डबी आणली. सरी टाळून कडेचं थोडं घेतलं आणि लावलं. आरसा दोघींना पुरत नव्हता, म्हणून आत्याबाई बाजूला झाल्या.

रिक्षात रीतानं कृती विचारली. खोबरेल किती, एवढंच कालिंदीनं सांगितलं. बाकीचा रस्ता ती पदर सारखा करत बसली. ओठ मिटले तर रंग जास्त दिसतो की उघडे ठेवले तर, हे तिला ठरवता येईना. आत्याबाई खांदे ताठ करून समोर बघत होत्या. साईबाबांच्या देवळापाशी ओळखीचं कोणी दिसलं, तेव्हाही त्यांनी पदर कपाळावर ओढला नाही.

मंगल कार्यालयाच्या दारात तबक घेऊन पोरी उभ्या होत्या. अशा ठिकाणी कालिंदीची चाल आपोआप मंदावायची. कुंकवाची कोयरी हातात घेतलेली बाई ओळखीची असायची. ती हसायची, “जेवून जा हं” म्हणायची, आणि तिचं बोट मागच्या बाईच्या कपाळाकडे जायचं. आज मागे वळायला जागा नव्हती. रीता पाठीला लागून उभी होती.

कोयरीवाल्या पोरीनं आत्याबाईंच्या कपाळाकडे पाहिलं, यांना लावून झालंय असं समजून फक्त गुलाबपाणी शिंपडलं, आणि मग कालिंदीच्या टिकलीच्या वर ठसठशीत कुंकू लावलं. ओठांकडे तिनं पाहिलंही नाही.

पोरी समारंभाची व्यवस्था बघणाऱ्या नांदेडच्या कंपनीनं पाठवलेल्या होत्या. त्यांना येईल त्या प्रत्येक बाईला लावायला सांगितलं होतं.