खिडकीतली बरणी

सासूबाईंच्या घरातून कुणी उपाशी गेलं नव्हतं. भांडायला आलेला शेजारी असो, वाट चुकलेलं मांजर असो, नाहीतर तोंडाला तोंड देणारी सून, आधी त्या पुढ्यात ताट सरकवायच्या आणि मग तोंड सोडायच्या. तेव्हा खिडकीतल्या काचेच्या बरणीकडे त्यांचं लक्ष जाणारच होतं.

बरणीत झऱ्याचं पाणी आणि त्यात टाचणीच्या माथ्याएवढे, आठ पायांचे तांबडे जीव. प्रयोगशाळेत कामाला असलेली सून त्यांना माइट म्हणे. आळीमागचा झरा बुजवून तिथे गोदाम उठायचं होतं. कुंपण पडलं होतं, पाणी उपसून झालं होतं. त्याआधी हाती लागले ते एवढेच. असे माइट दुसरीकडे कुठेच नाहीत हे सिद्ध झालं, तर बुजवणं थांबणार होतं, आणि थांबलं तर झरा पुन्हा भरणार होता. सासूबाई या घरात आल्यापासून त्याच पाण्यावर जगल्या होत्या. नळाच्या पाण्याला त्या पाणी म्हणतच नसत.

"सिद्ध कसं करणार? विचारणार त्यांना, बाबांनो, तुम्ही कुठले?"

"त्यांचा डीएनए काढायचा, आई. त्यातला एक तुकडा वाचला की जात कळते. बारकोड म्हणतात."

"दुकानातल्या पुड्यावर असतो तो?"

"तसाच समजा."

"मग किंमतपण कळेल. आणि किड्याचं काय होतं?"

"आतलं सगळं विरघळून निघतं. कवच तेवढं उरतं, ते काचपट्टीवर जपून ठेवतात."

"या घरात माझंही तेच झालंय. फक्त काचपट्टीवर कुणी ठेवलं नाही."

सून हसली. जाताना म्हणाली, "बरणीला मात्र हात लावू नका." का, ते सांगितलं नाही. सासूबाईंनी विचारलंही नाही. सुनेला कारण विचारणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

पण दुपारच्या रिकाम्या घरात ते तांबडे बरणीच्या काठाकाठाने घिरट्या घालू लागले, तेव्हा त्यांना बघवेना. शिकलेल्या बाईने आणून डांबले आणि खायला घालायचं विसरली! कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. सासूबाईंनी बरणीला हात लावला नाही. चमचा लावला.

तांबड्यांनी अळ्यांना धरलं आणि चिकटून शोषत राहिले. बऱ्याच दिवसांनी सासूबाईंना कुणाला तरी वाढल्याचं समाधान मिळालं. मग रोजच चमचा फिरू लागला. सून बरणीतून तांबडे तेवढे वेचून घेऊन गेली तेव्हा ते चांगले टरारले होते.

निकालाच्या दिवशी सून आली ती चपला न काढताच दारातल्या स्टुलावर बसली.

"वाया गेलं सगळं. माइटचा बारकोड यायचा, तर डासाचा आला."

"डासाचा कसा?"

"पोटात डास होता त्यांच्या. खाल्लेल्याचीच खूण वर येते, म्हणून तर उपाशी ठेवलं होतं, पोट रिकामं व्हावं म्हणून. माझीच चूक. पाणी नीट गाळलं नसणार मी, अळ्या राहिल्या असतील. साहेबांना तसं सांगून आले."

"दुसरे आण की."

"कुठून? तळ कोरडा पडलाय, आई. उद्यापासून भराव टाकतायत."

सासूबाईंची नजर खिडकीतल्या बरणीकडे गेली. गप्प बसलं तर खपून जाणार होतं. पण आपलं पाप सुनेच्या पदरात टाकायचं, हेही त्यांच्या रक्तात नव्हतं.

"अळ्या मी घातल्या," त्या म्हणाल्या. "भुकेले दिसले."

सून वाकून चपला काढू लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं.

"खाल्लं त्यांनी?" तिने विचारलं.

"पोटभर."

सासूबाईंनी ताट वाढलं. सून मान खाली घालून जेवली, ताट स्वच्छ केलं, उठली. स्वतःचं ताट मात्र त्यांनी वाढलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आळीमागे ट्रक रिकामे होऊ लागले. खिडकीची तावदानं थरथरत होती. सासूबाई बरणी धुवायला म्हणून उठल्या आणि हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. पाणी ओतावंसं वाटेना. झऱ्याचं आता तेवढंच उरलं होतं, आणि त्यात खायच्या राहिलेल्या अळ्यांचे डास होत होते.