बटणातलं मेण

आजोबांनी रेडिओ टेबलाच्या मधोमध ओढला आणि प्लग लावण्याआधी, सवयीने, आवाजाचं बटण एकदा पुरतं फिरवून पाहिलं. बटण लोण्यासारखं फिरलं. पण कडेला अंगठा अडखळला. तिथल्या बारीक भोकातला स्क्रू बोटाला गार लागत होता. तो लागायला नको होता.

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि रेडिओ खिडकीकडे वळवला. रेडिओ देखणा झाला होता यात शंका नाही. लाकूड चमकत होतं, पुढच्या जाळीचं नवं कापड कोपऱ्यावरच्या शिंप्याने मापात शिवून दिलं होतं. गेल्या आठवड्यात तो ते द्यायला आला, तेव्हा जाता जाता हसून म्हणाला होता, “आजोबा, मला दिलेला तुमचा म्हातारा रेडिओ अजून रंगेल आहे बरं का. हात लावला की गुदगुल्या करतो.” त्यावर आजोबा म्हणाले होते, “गुदगुल्या तुझी इस्त्री करत असेल. आधी तिची वायर बघ.” दोघंही खूप हसले होते.

आता आजोबांनी दुसरं बटण पाहिलं. त्याचंही भोक स्वच्छ, कोरून काढल्यासारखं.

“अगं,” त्यांनी हाक मारली, “जरा इकडे ये.”

आजी हात पुसत दारात आल्या. या खोलीत शिरताना त्या अजूनही क्षणभर थबकत. आत सगळीकडे वायरींची भेंडोळी आणि पोट उघडं टाकून पडलेले रेडिओ. ‘इथे कशाला हात लावायचा नाही’ हा नियम त्यांच्या लग्नाइतकाच जुना होता. तो मागच्या हिवाळ्यात मोडला. आजोबांची नजर मंदावली, लाकडावरचे डाग राहून जाऊ लागले, तेव्हा शेवटची पुसापुशी त्यांनी आजींकडे सोपवली. सोपवली म्हणजे काय, फडकं हातात दिलं. पुसायला काय शिकवायचं, असं त्यांचं मत होतं. आजींना मात्र त्या फडक्याचं फार अप्रूप वाटलं. उभ्या संसारात नवऱ्याच्या कामात त्यांना पहिल्यांदाच जागा मिळाली होती.

“या भोकांत मी काल मेण भरलं होतं. कुठे गेलं?”

“मेण होतं का ते?” आजी म्हणाल्या. “मला वाटलं मळ साचलाय. पिनेने कोरून काढला. चिवट तरी किती!”

त्यांच्या आवाजात केलेल्या कामाचं समाधान होतं.

“चिमणीकडे गेलेल्या रेडिओचाही?”

“तो तर जास्तच घासलाय. नातीला द्यायचा म्हटल्यावर...”

आजोबांनी पुढचं ऐकलं नाही. ते फोनकडे वळले होते. मुलीचा फोन वाजत राहिला आणि थांबला. त्यांनी पुन्हा लावला. एरवी पहिल्या रिंगला उचलणारी मुलगी. जावई तर कामाला गेलेला असणार, दिवसभर घरी नाही. तिसऱ्यांदाही फोन नुसता वाजला.

“अहो, काय झालं ते तरी सांगाल का?”

“गाडीत सांगतो. चपला घाल. आणि मेणबत्ती घे एक.”

“भरदिवसा मेणबत्ती?”

“घे म्हटलं ना!”

टेबलावरचा टेस्टर खिशात टाकून ते निघालेसुद्धा. गाडी सुरू होताना दोनदा बंद पडली. त्यांच्या हातून असं कधी होत नसे.

“त्या जातीच्या रेडिओत ट्रान्सफॉर्मर नसतो,” रस्त्यावर नजर ठेवून ते म्हणाले. “भिंतीतली वीज सरळ आतल्या पत्र्यात येते. प्लग एका बाजूने लावला तर काही नाही. उलटा लावला तर सगळा पत्रा जिवंत, हात लावला की झटका. बटणाचा दांडा त्या पत्र्याला, स्क्रू दांड्याला. त्या स्क्रूला बोट लागू नये म्हणून वरून मेण.”

आजींनी पर्सचा पट्टा मनगटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“आणि प्लग कोणत्या बाजूने लागलाय, हे बाहेरून कळत नाही?”

“नाही.”

“हे मला कधी सांगणार होता?”

आजोबांनी गिअर बदलला. घरी येणाऱ्या हौशी लोकांना ते तासन् तास एकेक भाग उलगडून दाखवत. बायको बशा उचलायला आत आली की मात्र थांबत. तिला काय कळणार, म्हणून. चिमणीचा रेडिओ बुटक्या स्टुलावर ठेवा, तिचा हात पोचू दे, असंही त्यांनीच मुलीला बजावलं होतं. त्या घरातली फरशी त्यांच्या डोळ्यांसमोर आली. पोरगी चपला कधी पायात ठेवत नसे.

कोपऱ्यावरून वळताना आजींनी मान मागे वळवली.

“शिंप्याचं दुकान बंद कसं?”

“असेल. माणसाने सुट्टी घेऊ नये का?”

“हा घेईल सुट्टी? मुलीच्या लग्नादिवशीसुद्धा संध्याकाळी दुकान उघडून बसला होता. आणि ती बाई बघा, कापडाची पिशवी घेऊन शटरसमोर उभी आहे.”

“अगं, मला गाडी चालवू दे.”

समोर कोणी नसताना त्यांनी हॉर्न वाजवला. आजी दुकान दिसेनासं होईपर्यंत मागेच पाहत राहिल्या.

मुलीच्या इमारतीचा जिना चढताना रेडिओचा आवाज कानावर पडला. जुन्या स्पीकरचा भरदार आवाज आजोबांना कोणत्याही गर्दीत ओळखता आला असता. कुणी तरी गात होतं. त्यांनी बेल दाबली. गाणं चालू राहिलं, दार बंद राहिलं. त्यांनी दारावर मूठ मारली, मग तळहात. आजी मागे कठड्याला धरून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

दार उघडलं. मुलीच्या केसांतून पाणी गळत होतं, खांद्यावर टॉवेल होता.

“बाबा? असे अचानक? आई, काय झालं?”

“चिमणी कुठाय?”

“आत्ता आंघोळ घातली. अंग पुसू देईल तर शपथ! पळाली बघा तशीच रेडिओकडे...”

आजोबा तिला बाजूला सारून आत धावले. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे थेट स्टुलापर्यंत गेले होते. चिमणी उघडीच उभी होती आणि तिची पाचही बोटं बटणावर होती.

“आजोबा, बघा हं, मी मोठ्ठा करते.”

त्यांनी भिंतीतला प्लग हिसकून काढला. गाण्याचा आवाज बारीक होत गेला आणि विझला. चिमणीने आधी रेडिओकडे पाहिलं, मग आजोबांकडे, आणि भोकाड पसरलं. आजींनी तिला ओल्या अंगानिशी उचलून छातीशी इतकं घट्ट धरलं की ती रडायची थांबली.

सगळ्यांना मागे उभं करून आजोबांनी प्लग होता तसाच पुन्हा लावला आणि टेस्टरचं टोक स्क्रूला टेकवलं. दिवा लागला नाही. त्यांनी प्लग काढला, उलटा करून लावला. टेस्टरच्या पोटात केशरी ठिपका उमटला.

“हा प्लग तू काढतेस का मधून मधून?”

“मधून मधून कशाला, रोजच,” मुलगी म्हणाली. “इस्त्री इथेच लावते. एकच तर बोर्ड आहे. का हो?”

आजोबा फरशीवर बसले. सांगायचं ते त्यांनी थोडक्यात सांगितलं, आणि चूक आपली, असंही सांगितलं. आजींनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. असं वाक्य त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

प्लग काढून ठेवल्यावर आजोबांनी मेणबत्ती पेटवली, पण पहिला थेंब भोक चुकवून स्टुलावर पडला. आजींनी चिमणीला मुलीच्या कडेवर दिलं आणि मेणबत्ती त्यांच्या हातातून काढून घेतली. एकेक थेंब त्यांनी नेमका भोकात सोडला, नखाने सपाट केला आणि वरून अंगठा फिरवून पाहिला.

“जमलं की तुला,” आजोबा म्हणाले. जिवात जीव आल्यावर माणूस जरा जास्तच बोलतो. “माझ्यापेक्षा बरं केलंस. चला, थोडक्यात निभावलं.”

त्यांनी प्लग लावला, टेस्टरने पाहिलं आणि चिमणीला खूण केली. तिने दोन्ही हातांनी बटण फिरवलं. आत काचेचे व्हॉल्व्ह हळूहळू लाल होऊ लागले.

“लागत का नाही?”

“आधी तापावं लागतं त्याला. दम धर.”

आजींनी मेणबत्ती फुंकून विझवली, गार होऊ दिली आणि रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवू लागल्या.

“राहू दे ती इथेच,” आजोबा म्हणाले. “लाइट गेल्यावर यांना होईल.”

“नको. लागेल आपल्याला.”

“घरच्या रेडिओचं बघतो मी. घरी ढीगभर मेण पडलंय.”

“घरच्यासाठी नाही.” आजींनी पर्स बंद केली, पण हात तिच्यावरच ठेवला. “तुम्ही शिंप्याला दिलेला रेडिओही मीच पुसला होता.”

आजोबांच्या चेहऱ्यावरचं हसू जागीच राहिलं. इस्त्रीआधी कापडावर पाणी शिंपडणारे शिंप्याचे हात त्यांना दिसले. ते हात दिवसभर ओलेच असत, आणि रेडिओ त्याने इस्त्रीच्या टेबलाशेजारीच ठेवून घेतला होता.

त्यांनी फोन काढला, शिंप्याचा नंबर लावला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मागे रेडिओ आधी खरखरला, मग त्यातून गाणं येऊ लागलं. चिमणीने टाळ्या पिटल्या. आजोबांनी मोकळ्या कानावर हात दाबून धरला. पलीकडे रिंग वाजत होती. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, तरी ती वाजतच होती.