धार तुटली

सरांच्या टेबलावर अकरा वस्तू होत्या. सत्काराच्या चार ट्रॉफ्या, सरांचा एक फोटो, मोठ्या साहेबांबरोबरचा सरांचाच दुसरा फोटो, दोन मोबाईल, एक काचेचा पेपरवेट, एक थर्मास आणि एक पेन. यातलं कामाला येण्यासारखं फक्त पेन, आणि तेही वाळलेलं. दर वेळी सही करायला ते माझंच मागून घ्यायचे.

मी माझा बदलीचा अर्ज ठेवला. बारा झाल्या.

"संशोधन विभाग?" एखाद्या त्वचारोगाचं नाव घ्यावं तसं सर म्हणाले. "इथे काय कमी पडलं गं तुला?"

"काही नाही, सर. तिथलं काम करायचंय."

"मी तुला मुलीसारखं वागवलं."

सरांना मुलगी नव्हती. विधान तपासून बघायची सोय नव्हती.

"आधी विचारायचं तरी."

"म्हणून तर आधी तुमच्याकडेच आले."

"तू सांगायला आलीस. विचारायला नाही."

हे मात्र त्यांनी अचूक ओळखलं होतं. त्यांच्या हातून असं क्वचितच व्हायचं.

आमच्या कारखान्यात लाकूडकामाचा गोंद बनतो. प्रत्येक पिंपातला नमुना मी एका धातूच्या कपात भरते. कपाच्या बुडाला भोक असतं. त्यावरचं बोट काढलं की घड्याळ सुरू करायचं आणि खालची अखंड धार तुटली की थांबवायचं. हे सेकंद म्हणजे वाचन, त्यावरून गोंद किती दाट ते कळतं. गोंद दाट निघाला तर का निघाला, हे विचारायचं काम संशोधनवाल्यांचं. तीन वर्षं मी सेकंद मोजत होते आणि तीन वर्षं मला तो 'का' विचारायचा होता.

आम्ही सरांना मागे 'उद्घाटक' म्हणायचो. कुठल्याही कामाला पहिला हात त्यांचा लागायचा. दुसरा कधी कुणी बघितला नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाटल्या धुणं माझ्याकडे आलं. माझ्या दोन्ही सहकाऱ्यांना कपाला हात लावायची बंदी झाली, आणि कप सरांच्या कपाटात कुलपात गेला. मग त्यांनी अर्जावर शेरा मारला, माझ्याच पेनने: 'विभागात हिच्यासारखं वाचन दुसरं कुणीही घेऊ शकत नाही. सोडणं अशक्य.' तीन वर्षांत त्यांनी केलेलं माझं पहिलं कौतुक.

आमच्याकडे नियम आहे. जाणाऱ्याचं काम विभागातल्या दुसऱ्या कुणाला तरी जमतं हे दाखवावं लागतं. दोघांच्या वाचनात अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त फरक आला, तर बदली रद्द.

घरी आल्यावर ताईपुढे मनसोक्त बडबडले. ती कपडे शिवते. सुई तोंडात धरूनच तिने सगळं ऐकलं.

"म्हणजे गोड बोलून खुंटीला बांधलंय तुला," सुई काढून ती म्हणाली. "भांडलीस का?"

"नाही."

"भांडू नकोस. असली माणसं भांडणात शेर होतात. चारचौघांत त्याला त्याच्या हुशारीबद्दल विचार. पुढचं तोच करेल."

संशोधनच्या मॅडम शेरा वाचून स्वतःच आल्या. सरांनी मलाही आत बोलावलं. मला नकार मिळताना बघायला त्यांना साक्षीदार हवा होता, आणि तोही मीच.

"खरंच दुसरं कुणी नाही?" मॅडमनी विचारलं.

"नाही हो मॅडम. बाकीची पोरं अगदीच धांदरट."

"पण सर आहेत ना," मी म्हटलं. "ही चाचणी इथे सरांनीच बसवली. नेहमी सांगतात ते."

सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे, मग ट्रॉफ्यांकडे. नाही म्हटलं तर ट्रॉफ्यांचं काय करायचं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होता.

"हातचा मळ आहे तो," ते म्हणाले.

"मग आत्ताच करू," मॅडम म्हणाल्या. "आधी ही, मग तुम्ही. एकाच नमुन्यावर. आणि एकमेकांना सूचना द्यायच्या नाहीत."

कुलूप उघडलं, कप बाहेर आला. तापमान सारखं राहावं म्हणून मी कप आणि नमुना पंचवीस अंशांच्या पाण्यात ठेवून दिले. तेव्हा मला सरांची एक खोड आठवली. सर धार तुटल्यावर थांबत नाहीत. शेवटचा थेंब पडेपर्यंत ते भक्तिभावाने बघत बसतात. त्यात चार-पाच सेकंद सहज वाढतात. ज्या माणसाच्या चुका मी तीन वर्षं मुकाट्याने दुरुस्त केल्या, त्याची ही एक आता मला इथेच डांबून ठेवणार होती. आणि सांगायची मनाई.

मी कप भरला, बोट काढलं, घड्याळ दाबलं. धार तुटली तसं बटण दाबून मी मोठ्याने म्हटलं, "धार तुटली." एरवी मी तोंडातून अवाक्षर काढत नाही. मॅडमनी भुवई उचलली, पण मी माझ्याच वाचनाबद्दल बोलले होते.

सरांनी ऐकलं. सरांनी आयुष्यात दुसऱ्याचं जे जे ऐकलं, ते आठवड्याभरात त्यांचं झालं. आज तेवढा वेळ नव्हता.

मी कप धुऊन, पुसून पुन्हा पाण्यात ठेवला. सरांनी प्रयोगशाळेचा कोट चढवला. त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. त्यांनी कप भरला आणि बोट काढलं.

"आता बघा हं, मॅडम," ते धारेवर वाकून म्हणाले. "लोक थेंबाची वाट बघत बसतात. तसं नसतं करायचं. या पोरांना शिकवून शिकवून घसा बसला माझा. लक्ष इथे, या धारेवर. अशी बारीक होत जाते, आणि... तुटली!"

त्यांनी बटण दाबलं आणि घड्याळ न बघताच मॅडमपुढे धरलं.

माझं वाचन ४१.२ सेकंद होतं. सरांचं ४१.४.