तीन ते चार

काकांचा आवाज दुपारी चार वाजता जाणार होता. गळ्यातली गाठ स्वरयंत्रासकट काढायची होती आणि सर्जननी वेळही देऊन टाकली होती. काका मंडईत लिलाव पुकारायचे. त्यांच्या एका हाकेवर भाजीचे ट्रक रिकामे व्हायचे, असं ते स्वतःच सांगायचे, त्यामुळे त्यातलं थोडं वजा करून घ्यायचं.

आमच्या हॉस्पिटलात अशा पेशंटकडून ऑपरेशनच्या आधी रोजची वाक्यं वाचून घेतात. पुढे मोबाइलवरचं बटण दाबलं की ते वाक्य त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. काका नऊ दिवस येऊन वाचत होते. 'पाणी दे.' 'डाव्या कुशीवर वळव.' 'आता बरं वाटतंय.' वाचून घेणाऱ्या थेरपिस्ट ताई सारख्या म्हणायच्या, "काका, हळू. इथे कुणी बोली लावत नाहीये." आदल्या संध्याकाळी सहाशे बारावं वाक्य संपलं. सर्जननी घशाला विश्रांती सांगितली. उद्या तीन ते चार मात्र बायकोशी काय बोलायचं ते बोलून घ्या, म्हणाले.

ती वाक्यं ज्या सर्व्हरवर होती, तो सांभाळणं हे माझं काम. ऑपरेशनच्याच दिवशी सकाळी अकराला मी त्याचं झाकण उघडलं. यंत्र महिनाभर रखडत चाललं होतं, नवी मेमरी येऊन पडली होती, आणि कामं पुढे ढकलणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. रोजची नक्कल ज्या डिस्कवर जाते ती भरल्याची, म्हणजे नवी नक्कल निघत नसल्याची, लाल सूचनाही दिसली होती. म्हटलं, आधी मेमरी, मग ते बघू. मेमरी बसवायला दहा मिनिटं लागतात.

बटण दाबलं. पंखे फिरले आणि पडद्यावर एकच ओळ आली, की सुरू होण्यासाठी डिस्क सापडत नाही. नवी मेमरी काढून जुनी बसवली. तीच ओळ. सगळ्या केबल काढून पुन्हा घट्ट बसवल्या. तीच ओळ. साडेबाराला मी मामाला फोन केला. माझ्या आईचा हा धाकटा भाऊ. हे काम मी त्याच्याच हाताखाली शिकले, आणि त्याच्याइतका खोदून विचारणारा माणूस मी पाहिलेला नाही.

"काय काय बदललंस?"

"मेमरी."

"आणखी?"

"फक्त मेमरी. आता तर जुनीच परत बसवलीय."

"नीट आठव, अगं."

"मला विसरायचा आजार झालाय का, मामा?" असं म्हणून मी फोन ठेवला.

सर्व्हरमध्ये डिस्क दोन होत्या आणि मजकूर दोन्हींवर अर्धा-अर्धा वाटलेला होता, त्यामुळे एक काढून दुसऱ्या यंत्रावर वाचायची सोय नव्हती. दोन्ही एकाच सकाळी कशा बिघडतील, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. माझ्या हातून काही झालं असेल, एवढं सोडून मी सगळं तपासत होते. थेरपिस्ट ताई दोनदा डोकावून गेल्या, दोन्ही वेळा मी "होतंय" म्हटलं.

तीनला दहा कमी असताना मी हात टेकले.

काका-काकू बाहेरच्या बाकावर बसले होते. काका सकाळपासून अवाक्षर बोलले नव्हते, घड्याळाकडे बघत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "काका, तुमची वाक्यं गेली असावीत. परत मिळतील असं मी सांगू शकत नाही."

माझ्यामागून आलेल्या ताई म्हणाल्या, "तासाभरात लॅपटॉपवर दीडशेक तरी पुन्हा वाचून होतील. पण रेकॉर्डिंगच्या खोलीत दुसरा आवाज चालत नाही. काकूंना बाहेर बसावं लागेल."

काकांनी काकूंकडे बघितलं. ते काही म्हणणार, तेवढ्यात काकूच बोलल्या.

"वाचा तुम्ही. ती वाक्यं मला रोज लागणारेत. माझ्याशी काय, एकतीस वर्षं बोललातच की. भांडणं धरून."

काका हसले. "येतो," म्हणाले आणि आत गेले.

तासभर काकू काचेसमोर उभ्या होत्या. आत काका वाचत होते, अगदी मंडईतल्या वेगाने, आणि आज ताई त्यांना हळू म्हणत नव्हत्या. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं, नुसते ओठ हलताना दिसत होते. चारला स्ट्रेचर आलं तेव्हा काकांचा घसा पार बसला होता. त्यांनी काकूंचा हात दाबला. बोलायचा प्रयत्न केला, पण नुसती हवा आली.

मी सर्व्हरच्या खोलीत परतले तर मामाचा फोन वाजत होता.

"एक विचारायचं राहिलं. सेल बदललास का?"

बोर्डावर एक गोल, बटणाएवढा सेल असतो. झाकण उघडलंच आहे तर तो बदलून टाकायचा, ही मामाचीच शिकवण. कुणी सांगत नाही, कामाच्या कागदावर कुणी लिहीत नाही, हात आपोआप करतो. म्हणून आम्ही तो बदलात धरतच नाही.

"बदलला," मी म्हटलं.

"मग सेटिंग गेलं ना, बाळा."

सेल काढला की जुनं यंत्र स्वतःच्या सवयी विसरतं. दोन डिस्क मिळून एक समजायच्या, एवढंच ते विसरलं होतं. मी एक ओळ बदलली. चार वाजून बारा मिनिटांनी सर्व्हर सुरू झाला. मी वाक्यं मोजली. सहाशे बारा. पहिलं लावून बघितलं. 'पाणी दे,' काका म्हणाले, स्वच्छ, खणखणीत. मला स्वतःची शिसारी आली.

काकू बाकावर एकट्या होत्या. नुसतं "सापडली" म्हणून निघून जाता आलं असतं, आणि तसं करावंसं वाटलंही.

"काकू, वाक्यं सापडली. सगळी."

"कुठे होती?"

"तिथेच होती. गेलीच नव्हती. चूक माझी होती. माझ्या मामाने साडेबारालाच विचारलं होतं, मी नीट उत्तर दिलं असतं तर एकच्या आत मिळाली असती."

काकू चिडतील याची मी वाट बघत होते. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे तो तास माझा होता," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.