ठिपका आणि रेघ

उतार लागताच तिने गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिनाचा आवाज खाली बसला, थरथर मात्र तशीच राहिली. शेजारी बसलेल्या चष्मेवाल्याने स्वतःच्याच गाडीच्या दाराची कडी घट्ट धरली.

“इंजिन नाही,” ती म्हणाली. “इंजिनाचा दोष असता तर आत्ता गप्प झाला असता.”

“टायर बदलले, चाकं बॅलन्स करून घेतली, तरी हे असंच हो ताई.”

“आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. या स्टिअरिंगला हात लावून बघा. हलतंय? नाही ना? आणि बूड?”

“ते तर जात्यावर बसवल्यासारखं हलतंय!”

“मग दुखणं आपल्या खाली आहे. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा तो लांब दांडा, शाफ्ट, तोच नीट फिरत नाहीये.”

गॅरेजमध्ये येऊन तिने गाडी खड्ड्यावर उभी केली आणि दिवा घेऊन आत उतरली. पन्नाशी उलटली तरी त्या पायऱ्या ती न बघता उतरायची.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्या आता कमीच येत. आली एखादी, की गरज असो नसो, ती शाफ्टचं टोक कापडाने पुसून बघायची. नुसतं ऑइल बदलायला आलेल्या गाडीचंसुद्धा. गिऱ्हाइकांना वाटे, बाई फार टापटिपीची. बाई भाऊ शोधतेय, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शाफ्टच्या टोकाला एक तबकडी असते आणि ती चाकांकडच्या तबकडीला चार बोल्टांनी जोडलेली असते. उघडण्याआधी दोन्हींवर समोरासमोर खूण करायची, म्हणजे शाफ्ट होता तसाच परत बसतो. जगातले मेकॅनिक दोन्हीकडे सारखीच खूण करतात. यांच्या घरचं सगळंच निराळं. लहानपणी याच खड्ड्यात भाऊबहीण समोरासमोर उभी राहत. दादा शाफ्टवर ठिपका मारायचा, ती समोरच्या तबकडीवर रेघ ओढायची. बोल्ट आवळताना तो म्हणायचा, “धर गं.” नटाला पाना लावून ती म्हणायची, “धरलंय.”

पुढे बाबांनी गॅरेज तिच्या हाती दिलं. त्याच्या हाताला घाई फार, हिच्या कानाला धीर आहे, असं चारचौघांत बोलूनही गेले. दादाने हात धुतले, टॉवेल दोरीवर वाळत घातला आणि तो निघून गेला. थांब म्हणायला ती धावली नाही, कारण संध्याकाळपर्यंत येईल अशीच तिची समजूत होती. बाबा गेले तेव्हाही तो आला नाही. त्याला कळवायचं कुठे, हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

तिने तबकडी पुसली. शाफ्टवर ठिपका होता. तिने दिवा जवळ नेला. समोर रेघ नव्हती. ती हिरमुसली. ठिपके काय, कोणीही मारतं.

“जरा वीतभर पुढे ढकला हो!”

चष्मेवाल्याने गाडी ढकलली. शाफ्ट अर्धा फिरला आणि बरोब्बर उलट्या बाजूने रेघ खाली आली.

एकट्याने दोन्ही खुणा केल्या होत्या. ठिपका स्वतःचा आणि रेघ तिची. मग लक्षात आलं की ठिपका एकीकडे आणि रेघ दुसरीकडे आहे. शाफ्ट अर्धा फिरवून उलटा बसवला होता, म्हणूनच ही थरथर.

“हा कोणी उघडला होता?”

“आमच्या गावी एक म्हातारा मेकॅनिक आहे. सांधा बदलला त्याने.”

“आणि त्याच्यानंतर?”

“त्याच्यानंतर तुम्हीच.”

दादाची घाई तिने लहानपणापासून पाहिली होती. पण खूण चुकवणं त्या घाईतही बसत नव्हतं.

“त्याला नीट दिसतं का?” तिने हळूच विचारलं.

चष्मेवाला खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसला. “डोळ्यांचा डॉक्टर आहे मी, मीच तपासलंय ना त्याला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काढून टाक म्हटलं तर म्हणतो, मला हाताला दिसतं. खरं सांगू? दवाखान्यात सोबत जायला कोणी नाही त्याला. एरवी तोंडातून शब्द काढत नाही, पण गाडीखाली गेला की बोलतो.”

“काय बोलतो?”

“‘धर गं’ म्हणतो. कोणाला सांगतोय म्हणून मी वाकून पाहिलं, तर खाली चिटपाखरू नाही. विचारलं, तर म्हणे सवय आहे.”

ती भिंतीकडे वळली. तिला रडू आलं आणि ते तिने येऊ दिलं. खड्ड्यातल्या माणसाचं तोंड वरून दिसत नाही, ही एक सोयच.

मग तिने बोल्ट काढले, शाफ्ट अर्धा फिरवला आणि रेघेसमोर ठिपका आणून बसवला. एवढ्यावर काम झालं होतं. तरी तिने हातोडी घेतली, ठिपक्यावर टोकदार पंच ठेवून ठोकला आणि रेघेवरून कानस फिरवली. दिवा मालवला, डोळे मिटले आणि तबकडीच्या कडेवरून अंगठा फिरवला. ठिपका लागला, रेघ निसटली. तिने पुन्हा कानस मारली.

“दिवा गेला का हो ताई?”

“नाही. मीच घालवलाय.”

या खेपेला दोन्ही खुणा अंगठ्याला लागल्या.

त्याच उतारावर गाडी आता सुतासारखी सरळ धावली. परत येऊन चष्मेवाला स्टिअरिंगवर बसला, तो खुशीतच. “त्या म्हाताऱ्याला जाऊन सांगतो, कुठे चुकला होता ते!”

“चुकला म्हणून अजिबात बोलायचं नाही,” ती एवढ्या जोरात म्हणाली की तो दचकला. “आणि यापुढेही गाडी त्यालाच दाखवा. दवाखान्याची तारीख तेवढी ठरवा आणि मला फोन करा. सोबत मी येते.”

“तुम्ही?” त्याने चष्मा वर सरकवला. “पण कोण येणार म्हणून सांगू त्याला?”

तिने हातातल्या कापडाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

“सांगा, धरलंय म्हणावं.”

“काय धरलंय?”

“एवढंच सांगा.”

औषधाचं नाव पाठ करावं तसं ते त्याने दोनदा पुटपुटलं आणि गाडी रस्त्याला घातली.